ओ आल्याशिवाय

वडपे गावातल्या औषधांच्या गोडाऊनमधले सुपरवायझर जनूदादा हाक मारत आणि ओ येईपर्यंत जागचे हलत नसत. फलाटावर माल उतरला की ते ओरडत, "कोल्डरूम, बारा खोकी!" आतून "ओ, बारा!" आलं की मगच वहीत पेन्सिलीची खूण. आम्हा कॉम्प्युटरवाल्या शहाण्यांना याचं हसू यायचं.

मी तिथे सिस्टीम बसवायला गेलो होतो. जुना अगडबंब प्रोग्रॅम मोडून आवक, कोल्डरूम, पाठवणी अशा वेगवेगळ्या सर्व्हिसेस, म्हणजे छोटे स्वतंत्र प्रोग्रॅम, करायच्या. प्रत्येकीने आपलं काम करायचं आणि दुसरीला निरोप धाडायचा. खरं सांगायचं तर ही मांडणी मी जनूदादांच्या फलाटावरूनच उचलली होती. तिथे कोणी कोणाच्या कामात नाक खुपसत नसे. कंपनीत मात्र हे मी कोणाला सांगितलं नाही.

सिस्टीमचा नकाशा दाखवला तेव्हा जनूदादांनी दोन चौकोनांमधल्या बाणावर बोट ठेवलं.

"ह्यो गेला, बरा हाय. पन परत येनारा कुठं हाय? साहेब, हाक मारली म्हंजे पोचली न्हाय. ओ आली म्हंजे पोचली."

मशीन बहिरं नसतं दादा, असं म्हणून मी टाळलं. परतीच्या निरोपाचं काम आणखी दोन आठवडे खाणार होतं आणि मी तारीख देऊन बसलो होतो. म्हणून निरोप निघाला की स्क्रीनवर 'ठेवलं' उमटायचं. वही बंद झाली, ओरडणंही.

एप्रिलमध्ये एकदा कोल्डरूमचा सर्व्हर बंद पडला. जनूदादा दुसऱ्या फाटकावर होते; स्क्रीनवर दिसेल तेच खरं, हा नियम आमचाच. तिथे 'ठेवलं' दिसत होतं आणि इन्सुलिनची खोकी दुपारभर फलाटावर तापत होती. सगळा माल फेकावा लागला.

मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाले, सुपरवायझरचं लक्ष नव्हतं. जनूदादा माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "साहेब, मी इचारलं व्हतं ना?"

आणि फलाटावर थांबत तसे थांबले. मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलो. बऱ्याच वेळाने त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. बावीस वर्षांची नोकरी होती.

पुढे मी परतीचा बाण घातला. सिस्टीम उत्तम चालते. माझं कौतुकही झालं आणि ते मी निर्लज्जासारखं घेतलं.

परवा धीर करून कोन गावी जनूदादांच्या घरी गेलो. अंगणात उभा राहून "जनूदादा" म्हणालो, तेही अर्ध्या आवाजात. ऐकू गेलं नाही तर परत फिरायचं, असं मनात होतं.

आतून लगेच आली, "ओ!"