मोज्याचा वळ

दिवसभराचा बसप्रवास करून मुलगी घरी आली आणि तिने मोजे काढले. उजव्या पोटरीवर इलॅस्टिकचा फिकट वळ होता. डावीवरचा मात्र खोल रुतलेला.

असा वळ कुणाच्याही पायावर उठतो आणि तासाभरात जातो. पण माझ्या वडिलांचा डावा पाय असाच सुजला होता. मीच कोमट तेलाने त्यांची पोटरी चोळून दिली. बरे वाटले म्हणून ते उठले आणि धाप लागून दारातच कोसळले, ते पुन्हा उठलेच नाहीत. पुढे माझ्या पायाच्या शिरेत गुठळी झाली, तेव्हा तपासणीत कळले, की रक्ताला विनाकारण गोठू न देणारे एक प्रथिन माझ्यात जन्मतःच कमी आहे. पाय चोळला तर अशी गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते, हेही तेव्हाच कळले. मुलीत ही उणीव उतरण्याची शक्यता निम्मी, असे डॉक्टर म्हणाले. तिचे नाक माझ्यावर गेले आहे, हे सगळ्यांना दिसते. रक्तातले दिसत नाही. तिची तपासणी मीच परीक्षा संपेपर्यंत पुढे ढकलली होती.

"बाबा, पोटरी जाम दुखतेय. तेल लावून चोळून दे ना."

पुढे गेलेले हात मी मागे घेतले. शिवणाच्या डब्यातली टेप आणली. उजवी चौतीस सेंटिमीटर, डावी सदतीस. पुन्हा मोजले, तेच.

"सलवार शिवतोयस का?" ती हसली.

"चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय."

रिक्षात ती प्रवासातल्या गमती सांगत होती. मी तिचे श्वास मोजत होतो.