आठव्या महिन्यातलं मूल

माझा थोरला मुलगा जन्मला तेव्हा आम्ही पिंपळगावला राहत होतो. पहिलं बाळंतपण माहेरी, नाशिकला करायचं ठरलं होतं, पण मी जायच्या आतच एका दुपारी कळा सुरू झाल्या आणि गावातल्या दवाखान्यात मोकळी झाले. मूल एवढंसं होतं. तिथल्या डॉक्टरांनी त्याला कापसात गुंडाळलं आणि म्हणाले, नाशिकच्या इस्पितळात काचेची पेटी आहे, तिथे न्या, वेळ घालवू नका. द्राक्षांचा हंगाम होता. भरलेला टेंपो दारात उभाच होता. पुढे मी, सासूबाई आणि त्यांच्या पोटाशी धरलेलं ते गाठोडं. माझे यजमान मागे द्राक्षांच्या पेट्यांवर. श्वास चालू आहे का, हे विचारायची मला सगळ्या रस्त्यात हिंमत झाली नाही.

इस्पितळात मला एकीकडे नेलं, बाळाला दुसरीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी चालत त्या खोलीपर्यंत गेले. आत जायची मुभा नव्हती, खिडकीतून बघायचं. पेटीत दिवा, आणि दिव्याखाली माझं मूल, उघडंवाघडं, नाकात बारीक नळी. नर्स त्या नळीतून अगदी थेंब थेंब दूध सोडत होती. ती पेटीवर वाकली की मी खिडकीला आणखी चिकटायचे, ती सरळ झाली की तिचं तोंड वाचायला बघायचे. दिवे गेले तेव्हा तर मी ओरडणारच होते. तिने शांतपणे गरम पाण्याच्या रबरी पिशव्या आणून त्याच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. तिच्या त्या शांतपणाचा मला रागच आला.

दुपारी बाळाला झटके यायला लागले. हातपाय बारीक बारीक उडत होते. डॉक्टर धावत आले, त्याला तपासलं, आणि बाहेर येऊन आम्हाला विचारलं, की महिने नक्की किती भरले होते? कागदावर सातवा लिहिलाय, पण याच्या तळपायांवरच्या रेघा सातव्यातल्या मुलासारख्या दिसत नाहीत. सातव्यातलं असेल तर दूध असंच बेताने द्यावं लागेल. पण दिवस जास्त भरले असून हे इतकं लहान असेल, तर ते पोटातच उपाशी राहिलंय, त्याच्या अंगातली साखर संपत असेल आणि तसं असेल तर आत्ता लगेच काहीतरी करायला हवं.

"सातवाच हाय, डाक्टर," सासूबाई म्हणाल्या. "मी काय मोजलं नाय?"

मोजलं होतं. राखीपौर्णिमेला माझी पाळी चुकली तेव्हापासून बोटांवर त्यांनीच मोजलं होतं, आणि आठवा सरत आलाय हे घरात माझ्याइतकंच त्यांना ठाऊक होतं. पण आमच्याकडे सगळ्या बायका मानायच्या, की सातव्यात झालेलं मूल जगतं आणि आठव्यात झालेलं हाती लागत नाही. म्हणून काल नाव लिहून घेताना त्यांनी सातवा सांगितला. डॉक्टरांना फसवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांना दैवाला चकवायचं होतं.

मी बी.ए. झालेली. कॉलेजात असल्या गोष्टींना आम्ही पोट धरून हसायचो. पण त्या दारात उभी असताना माझी जीभ उचलेना. वाटलं, मी तो आकडा तोंडातून काढला की आत काहीतरी थांबेल. सासूबाई माझ्याकडे एकटक बघत होत्या. डॉक्टरही.

"आठवा सरत आला होता," मी म्हणाले.

डॉक्टर लगेच आत वळले. सासूबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मारलंस गं त्याला."

डॉक्टरांनी बाळाच्या शिरेतून साखरेचं पाणी सुरू केलं. आम्ही दोघी बाकाच्या दोन टोकांना बसलो. खरं सांगायचं तर मला सासूबाईंचंच पटत होतं. डॉक्टरांचं म्हणणं डोक्याला कळत होतं, पण धाकधूक डोक्याचं ऐकत नाही. हे गेलं तर ते माझ्या बोलण्याने गेलं, असं त्या जन्मभर म्हणतील, आणि मीही म्हणेन, एवढंच मनात घोळत होतं. संध्याकाळी झटके थांबले. तरी मला बरं वाटलं नाही. दमून थांबले असतील, असं वाटलं.

पुढचे काही दिवस असेच गेले. सासूबाई डबा आणून द्यायच्या, माझ्याशी बोलायच्या नाहीत, खिडकीशीही यायच्या नाहीत. मग एका सकाळी नर्सने मला आत बोलावलं, हात धुवायला लावले आणि नळी काढलेलं बाळ माझ्या छातीशी दिलं. ठसकलं तर लगेच सांगा, म्हणाली. मी इतकी घाबरले होते, की त्याच्याकडे बघवेना. त्याने तोंड इकडेतिकडे घासलं, आणि पकडलं.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या.

"पितंय का?"

"हो."

"वढतंय का जोरात?"

"हो, आई."

माझा हात अवघडून खाली येत होता. त्या चपला काढून आत आल्या, माझ्या कोपराखाली आपला हात लावला, आणि ते पिऊन होईपर्यंत तसाच धरून ठेवला.