मान वर

पडदा वर जातो. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या नर्सिंग कॉलेजचा रंगमंच. मोगऱ्याच्या माळा, घरघरणारे पंखे, आणि पांढऱ्या गणवेशात हाती मेणबत्त्या घेतलेल्या मुलींची रांग. आज त्यांच्या डोक्यावर नर्सची पहिली टोपी चढायची. विंगेत कोन्सोर्सिया पाल्मारेस उभी, साऱ्या कॉलेजची मानांग कोन्सिंग, म्हणजे मोठी ताई. चाळीसएक वर्षं नर्स, उंचीनं बेताची. हातात लाकडी स्टूल.

टोपी घ्यायची ती डॉक्टरच्या हातून, मान लववून, हा तिथला रिवाज. यंदा टोप्या नर्सच घालील, असं मानांगनं जाहीर केलं, तेव्हा संचालक डॉक्टर सोलिदुम यांनी तिला बोलावून घेतलं. रिवाज मोडलात तर जूनपासून येऊ नका, असं मधाळ आवाजात सांगितलं. वर पुस्ती जोडली, की तिचा शुश्रूषाशास्त्राचा तास तसाही बंदच करायचाय. मुलींना दुबईत जाऊन सुया टोचायच्या. त्यांना तत्त्वज्ञान काय करायचंय?

मानांग खुर्चीत बसलीच नाही.

“रोग तुमचा, डॉक्टर. पण रोग घेऊन जगणारा माणूस कुणाचा? त्याचं त्याला किती जमतंय, उशाशी बसलेल्या बायकोनं हात कुठं द्यायचा आणि कुठं काढून घ्यायचा, याचं शास्त्र आहे. ते आमचं. तुमच्या शास्त्राचं शेपूट नाही ते.”

आता मंचावर पहिलं नाव पुकारलं गेलं. जोव्हेलिन पुढं आली. डॉक्टर तिच्याहून हातभर उंच, तरी पोरीनं सवयीनं मान खाली घातली. तेवढ्यात ठक्क! मानांगनं स्टूल टेकवलं, दातांत पिना धरून वर चढली आणि डॉक्टरांच्या हातातल्या तबकातून टोपी उचलली.

“मान वर,” ती पिनांआडून पुटपुटली. “नर्सपुढंसुद्धा वाकायचं नाही.”

सभागृहात आईबाप खच्चून भरलेले. डॉक्टर करतात काय! चेहऱ्यावर हसू चिकटवून, शेवटच्या मुलीपर्यंत बिचारे तबक धरून उभे राहिले. असा सहकलाकार मिळायला भाग्य लागतं.

पडदा पडल्यावर मात्र त्यांनी तिला विंगेत गाठलं. जूनचं पक्कं, म्हणाले. आणि हे लाकूड उचला इथनं.

मानांगनं उरलेल्या पिना जोव्हेलिनच्या मुठीत दिल्या, पर्स खांद्याला अडकवली.

“स्टूल राहू दे, डॉक्टर. पुढच्या वर्षी टोप्या घालायला माझ्याहून बुटकी कुणी आली तर?”