चौथा मालक

वॉटर पार्कचे पंप सांभाळणाऱ्या काकांनी सव्वीस वर्षांत तीन मालक पाहिले होते. चौथा आल्या आल्या म्हणाला, "मी इथे पहिल्यांदाच येतोय." पण मोठ्या घसरगुंडीमागे गवतात दडलेल्या जुन्या टाकीला तो बरोबर वळसा घालून गेला. काकांच्या मनात पाल चुकचुकली.

"साहेब, इथे टाकी आहे हे कसं कळलं?"

तो गडबडला. "लहानपणी पडलो होतो हिच्यात. तुम्हीच बाहेर काढलंत."

"म्हणजे तुम्ही पहिल्या मालकांचा मुलगा? मग मधले दोघे?"

"नावापुरते. पार्क आमचाच होता."

काकांचा ऊर भरून आला, पण शंका काही जाईना.

"मग लपवलंत कशाला?"

साहेबांनी पंपघराच्या किल्लीसाठी हात पुढे केला. कारण कळल्याशिवाय काकांनी मात्र ती त्यांना दिली नाही.