रस्ता कागदावर आला

"मी सही करणार नाही," असं मी म्हणाले, तेव्हा दलालानं माझ्याकडे पाहिलंच नाही. तो माझ्या मैत्रिणीकडे वळून म्हणाला, "तुम्ही तरी समजवा यांना."

आम्ही दोघी एकाच शाळेत. ती शिवण शिकवायची, मी मराठी. सोलापूरच्या कडेला एक प्लॉट घ्यायचा, चार खोल्या बांधून भाड्यानं द्यायच्या, असं आमचं ठरलं होतं. सत्तरच्या दशकात बाई जागा घेतेय म्हटल्यावर पहिला प्रश्न असायचा, घरात पुरुषमाणूस नाही का?

नवी पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर दलाल बसायचा. खरेदीखताचा मसुदा त्यानं एका दमात वाचला होता. 'सदर मिळकत, जशी आहे तशी, वहिवाटीप्रमाणे...' प्लॉटवर जायची वाट विकणाऱ्याच्याच शेतातून होती. कागदात तिचं नाव नव्हतं.

"यात रस्ता कुठंय?"

"वहिवाटीत आलं की सगळं."

"मग 'रस्ता' असंच लिहा ना."

"बाई, कायद्याची भाषा असते ही. तुम्ही आपलं शाळेत शिकवा."

मी मसुदा पिशवीत घातला आणि जिना उतरले. खाली मैत्रीण चिडली. "सौदा घालवशील तू! मला असली भांडणं झेपत नाहीत." दोन दिवसांनी तिनं अंग काढून घेतलं. वाईट वाटलं. पण मी त्याच संध्याकाळी वहीच्या पानावर अख्खा मसुदा पुन्हा लिहिला. छोटी वाक्यं, मुलींना निबंधात लिहायला सांगते तशी. 'या प्लॉटला पूर्वेकडून रस्ता आहे. त्यावरून बैलगाडी जाईल. विकणारा हा रस्ता दुसऱ्या कुणालाही विकणार नाही.'

जमीन विकणारे म्हातारबाबा मूळचे करकंबचे. त्यांना वाचता येत नव्हतं. दलालासमोरच मी त्यांना पान वाचून दाखवलं. रस्त्याच्या वाक्याशी त्यांनी हात वर केला आणि दलालाकडे बोट दाखवलं.

"थांबा बाई. ती पट्टी तर ह्यांनी मागितलीया की! मेव्हण्याला पायजे म्हणत्यात. तुमचा रस्ता तोच व्हय?"

"तोच."

दलाल म्हणाला, "त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

मला आत्ता उलगडा झाला. म्हणजे प्लॉट माझा झाला असता आणि त्यात शिरायची परवानगी दलालाच्या मेव्हण्याकडे मागावी लागली असती.

"बाईंनी लिवलंय तसंच हुईल," म्हातारबाबा म्हणाले. "मला पयल्यांदा कळलं मी काय इकतोय ते."

"बायका आता वकिली करणार!" दलाल ओरडला.

"तुम्ही नीट लिहिलं असतंत तर करावी लागली नसती," मी म्हणाले.

एकटीला निम्माच तुकडा परवडला. नोंदणी कचेरीबाहेरच्या दस्तलेखकानं तोंड वाकडं केलं, "असं बोलल्यासारखं लिहीत नसतात." मी म्हटलं, "तुम्ही उतरून काढा, जबाबदारी माझी." आतल्या साहेबांनी कागद वाचला, म्हातारबाबांना दोन प्रश्न विचारले आणि शिक्का मारला. भाषेबद्दल चकार शब्द नाही.

दोन खोल्या झाल्या. भाडेकरूंकडूनही मी तसंच लिहून घेतलं, पाणी कुणी भरायचं इथपर्यंत. लोक हसले. हसू दिलं.

एकदा मैत्रीण खोल्या बघायला आली. निघताना म्हणाली, "तू फार ताणतेस बाई."

"हो," मी म्हणाले, "ताणते."