दात लावल्याबिगर

ऐंशीच्या दशकात, कॉलेजात असताना, मी एका जनमत चाचणीचे फॉर्म भरत आरमोरीच्या बाजारात फिरत होतो. प्रश्न एकच होता, पंतप्रधानांच्या कामावर तुम्ही समाधानी आहात का?

धानाच्या पोत्यांपाशी एक म्हातारा बसला होता. धान विकत घेण्याआधी लोक त्याला दाखवायचे. तो एक दाणा दाताखाली धरायचा, कट् आवाज ऐकायचा आणि मगच धान नीट वाळलंय की नाही ते सांगायचा.

माझा प्रश्न ऐकून तो हसला. "त्यायले मी कधी पाह्यलं नाई, बाबू. दात लावल्याबिगर मी धानाले बी चांगला म्हणत नाई. कसं सांगू?"

'सांगता येत नाही' अशी उत्तरं जास्त झाली की आमचे साहेब चिडायचे. मी गुपचूप 'समाधानी'वर खूण केली.

"काय लिवलं? मले वाचता येत नाई, वाचून दाखव."

मी फॉर्म डोळ्यांसमोर धरला आणि त्याचंच बोलणं त्याला वाचून दाखवल्यासारखं ऐकवलं.

तो शेजाऱ्याला कौतुकानं म्हणाला, "पोरगा चांगला हाय. बोललो तसंच लिवलं."

दात न लावता त्यानं चांगला म्हटलेला बहुधा मी एकटाच.