तपासनीस काकांच्या मंजनाची छाप

तपासनीस काका फॅक्टरीत दिवसाला शेकडो तोफगोळ्यांच्या खोळींचा निकाल लावत, आणि घरी आल्यावर भाजी कोणती करायची हे त्यांना ठरवता येत नसे. फॅक्टरीत हातात मोजायचं गेज असे. खोळीत बसलं तर पास, अडलं तर बाद. लढाईचे दिवस होते, तिन्ही पाळ्या चालू होत्या, आणि काकांनी पास केलेला माल कधी परत येत नाही, असं सगळी कॉलनी सांगे. पण दोडकी की पडवळ, याला गेज नसतं. "मोजायला काही नसलं तर माणसानं ठरवायचं कसं, सांग बरं," असं ते मलाच विचारत.

मी तेव्हा बाजारातल्या कमानिया गेटापाशी दुकानांचे बोर्ड रंगवत असे. पनागर गावाहून सायकलीवर येऊन, कुणाच्या ओळखीशिवाय ती जागा मिळवली होती. त्यामुळे कुणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती. काकू घरी दंतमंजन करत आणि कॉलनीभर फुकट वाटत. ते विकायला ठेवायचं फॅक्टरीच्या कॅन्टीननं कबूल केलं, पण दसऱ्याच्या आत छाप असलेल्या डब्या आल्या पाहिजेत, नाहीतर ती जागा दुसऱ्या मंजनाला. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं म्हणून काही मांडलं होतं. छाप काढायचं काम काकांनी मला दिलं. मी घासाघीस करून सगळ्या कामाचं मिळून उक्तं ठरवलं आणि जिंकल्यासारखा चहा मागवला. चित्रं किती काढायची, हे ठरवायचं राहून गेलं.

चार दिवस खपून मी मोर काढला. काका दुसऱ्या दिवशी फॅक्टरीतलं मापाचं कॅलिपर घेऊन आले. "डावीकडे एक पीस कमी आहे रे." मी पीस वाढवलं. मग त्यांना आठवलं की मोराला दात नसतात. सिंह काढला, तर सिंहाला बायका घाबरतील. हसरी बाई काढली. ती दोन दिवसांनी परत आली. "छान आहे. पण ही कोण, असं काकू विचारून राहिली."

प्रत्येक चित्र ते आधी पाळीतल्या लोकांना दाखवत, मग शेजाऱ्यांना, मग दूधवाल्याला. दूधवाला म्हणाला, "बाबूजी, गाय बनवाओ." काका संध्याकाळी माझ्या दारात. "अच्छा, गाय एकदा पाहू तर." अशी सतरा चित्रं झाली.

दसऱ्याला सहा दिवस उरले, तेव्हा काका येऊन म्हणाले, "मोरच बरा होता. की सिंह?" माझं डोकं फिरलं. त्यांच्या समोरच कागद ओढला आणि दोन मिनिटांत त्यांनाच काढलं. टक्कल, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हनुवटीला हात, एक भुवई वर. "हे घ्या. तुमच्या मंजनाला हेच शोभतं." काकांनी ते बराच वेळ न्याहाळलं. रागावले नाहीत. "कान मोठे झाले," म्हणाले, आणि अठराही चित्रं घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी पाळीवर जाता जाता त्यांनी तो गठ्ठा बडा फुहारा चौकातल्या छापखान्यात ठेवला. मोर की सिंह ते उद्या येऊन सांगायचं, असं त्यांच्या मनात होतं. माझं ते रागातलं चित्र चुकून छापलं जाऊ नये म्हणून, फॅक्टरीत बाद मालाला लावतात तसा लाल रंगाचा ठिपका त्यावर लावला. मग ओव्हरटाइम लागला आणि काका तीन दिवस फिरकलेच नाहीत. छापखान्यात गिऱ्हाईक पसंतीच्या चित्रावर लाल खूण करतं. छापखानेवाल्यानं दसरा जवळ आला म्हणून लेबलं छापून टाकली.

आम्ही दोघं तिथं पोहोचलो, तेव्हा काकांचीच हजारभर तोंडं वाळत पडली होती. मी छापखानेवाल्याला वाटेल ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "भैया, लाल निशान मतलब यही छापो. और क्या होता है?"

"आमच्याकडे बाद होतं," काका हळूच म्हणाले.

पुन्हा छापायला वेळ नव्हता. काकूंनी लेबलं चिकटवली, डब्या वेळेत कॅन्टीनला पोहोचल्या, आणि ज्यांचा माल काकांनी बाद केला होता ते सगळे हसत हसत डबी घेऊन गेले.

माझं दुखणं वेगळंच होतं. माझा मोर कुणी पाहिला नाही, आणि दोन मिनिटांच्या त्या फराट्यावरून लोक मला ओळखू लागले. दुसऱ्या खेपेच्या वेळी मी काकांकडे गेलो आणि मोर फुकट पुन्हा काढून द्यायला तयार झालो. मी, फुकट.

"नको. हेच राहू दे."

"काका, हे तुम्हीच बाद केलंय."

"तेव्हा मी ठरवून राहिलो होतो. आता ठरलं आहे."

"कान तरी लहान करू द्या."

"काहून? लोकांना सवय झाली."

अर्धा तास मी हुज्जत घातली. दोडकी-पडवळात अडकणारा तो माणूस जागचा हलला नाही.

काका गेले त्या वर्षी मी काकूंना भेटायला गेलो. त्या डब्या भरत बसल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, आता तरी त्यांचं चांगलं चित्र काढून देतो. कोट घालतो, चेहरा नीट करतो."

काकूंनी मान वर केली नाही. "हे कसे होते, ते तुला एकदाच जमलं, तेही रागात. आता नीट काढायला जाशील अन् बिघडवशील."

मी झाकणं लावायला बसलो.